जुना संगणक नवा गेम, नवा संगणक जुना गेम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न वाचकांनी पुन्हा पुन्हा पाठवलेले आहेत आणि जमेल तितके त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. उत्तरं विंडोज धरून लिहिली आहेत. लिनक्स आणि मॅक शेवटाकडे आहेत. वाचायला घेण्याआधी एकच गोष्ट ठरवून टाका: गेम चालतो पण नीट चालत नाही, की मुळात उघडतच नाही? पहिल्या प्रकारात सेटिंग उतरवून किंवा एखादा भाग बदलून वाट निघते. दुसऱ्या प्रकारात सेटिंगशी कितीही झटापट केली तरी फरक पडत नाही. तिथे कुठली तरी एक गोष्ट कमी असते आणि तीच हुडकावी लागते.

१. गेम विकत घेण्याआधी तो माझ्या संगणकावर चालेल की नाही, हे कसं ओळखायचं?

आधी आपल्याकडे काय आहे ते पाहा. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून 'डीएक्सडायग' चालवलं की प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि डायरेक्टएक्सची (गेम आणि कार्ड यांच्यातला विंडोजचा दुवा) माहिती एकाच ठिकाणी मिळते. मग गेमची 'मिनिमम' आणि 'रेकमेंडेड' यादी वाचा. मिनिमम म्हणजे बहुतेक वेळा सगळी सेटिंग तळाला आणि सेकंदाला जेमतेम ३० फ्रेम, म्हणजे चित्रं. तेवढ्यावर समाधान होणार नसेल तर ती ओळ वाचलीच नाही असं समजा.

कार्डाच्या नावातला आकडा फसवा असतो. जीटीएक्स १६५० हे जीटीएक्स १०८० पेक्षा नंतर आलं, पण वेगात ते बरंच मागे आहे. आधीचे अंक पिढी सांगतात, शेवटचे दोन अंक त्या पिढीतली पायरी.

तरीही शंका उरली तर स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झालं असेल तर पैसे परत मागता येतात. पहिल्या वेळी गेम उघडल्यावर शेडर (चित्र रंगवण्यासाठी कार्डाला लागणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होण्यात जाणारा वेळही त्या दोन तासांत धरला जातो, तेव्हा पट्टी सरकत असताना जेवायला उठून जाऊ नका.

२. एफपीएस किती असला म्हणजे 'चांगला'?

एफपीएस म्हणजे सेकंदाला येणाऱ्या फ्रेम. त्यात सरासरीपेक्षा सातत्य महत्त्वाचं. ६० एफपीएसला प्रत्येक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते, ३० ला ३३.३ आणि १४४ ला जवळजवळ ७. एका सेकंदात ५९ फ्रेम झटपट आल्या आणि एकीनंच २०० मिलिसेकंद घेतले, तर आकडा फारसा हलत नाही, पण हाताला झटका कळतो. म्हणून मोजमापात '१ टक्का लो' हा आकडा बघा. सर्वांत मंद १ टक्का फ्रेम कुठल्या वेगानं आल्या ते तो सांगतो. सरासरी ९० आणि लो २५ असण्यापेक्षा सरासरी ६० आणि लो ५२ केव्हाही बरं.

आणि मॉनिटर खरोखर कितीवर चालतोय तेही एकदा तपासा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० वरच राहून गेलेला असणं, हे फार नेहमीचं आहे.

३. गेम रखडतो. दोष प्रोसेसरचा की ग्राफिक्स कार्डचा?

रिझोल्यूशन एकदम खाली आणा, बाकी काही बदलू नका आणि त्याच जागी पुन्हा चालून पाहा. एफपीएस भरभर वाढला तर कार्ड थकलं होतं. जागचा हलला नाही तर प्रोसेसर अडवतोय. कारण पिक्सेल रंगवायचं काम कार्डाचं आहे. १०८०पी मध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, ४के मध्ये बरोबर त्याच्या चौपट. पण गर्दीतली माणसं कुठे चालायची, गोळी कशाला लागली, हे हिशेब रिझोल्यूशन काहीही असलं तरी तेवढेच राहतात.

यावर हमखास येणारा प्रतिप्रश्न: "टास्क मॅनेजरमध्ये तर प्रोसेसर २० टक्केच दिसतो!" तो आकडा सगळ्या थ्रेडची, म्हणजे प्रोसेसर एकाच वेळी चालवू शकतो त्या कामाच्या धाग्यांची, सरासरी असतो. ८ कोअर, १६ थ्रेडच्या प्रोसेसरवर एकच थ्रेड पूर्ण भरला तर तो एकूणाच्या फक्त सव्वासहा टक्के भरतो. गेमचा मुख्य थ्रेड तिथे अडकलेला असू शकतो आणि बाकीचे पंधरा मोकळे बसलेले. टास्क मॅनेजरच्या आलेखावर राइट क्लिक करून 'लॉजिकल प्रोसेसर्स' निवडा, म्हणजे वेगवेगळे दिसतील. त्यापेक्षा सोपी खूण कार्डाची आहे: कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड भरलंय, ६०-७० वर रेंगाळत असेल आणि व्हीसिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) किंवा फ्रेम लिमिट चालू नसेल, तर ते कोणाची तरी वाट बघतंय.

४. कोणती सेटिंग आधी कमी करू?

कार्ड अडवत असेल तर सावल्या, व्हॉल्युमेट्रिक धुकं, रिफ्लेक्शन आणि रे ट्रेसिंग (प्रकाशाच्या किरणांचा हिशेब करून चित्र काढणं). 'अल्ट्रा'वरून 'हाय'वर आलात तर खेळताना फरक सहसा दिसत नाही, वेगात मात्र दिसतो. प्रोसेसर अडवत असेल तर गर्दीची घनता आणि दूरवरचं दिसण्याचं अंतर.

टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेली चित्रं) सगळ्यांत आधी कमी केलं जातं आणि बऱ्याचदा उगीचच. कार्डाच्या मेमरीत टेक्स्चर मावत असतील तर 'लो' आणि 'हाय' यांत वेगाचा फरक नगण्य असतो. मावत नसतील तर मात्र डेटा रॅममधून ये-जा करू लागतो आणि मान वळवली की झटका, असं सुरू होतं. म्हणजे टेक्स्चर हे मेमरी बघून ठरवायचं, एफपीएस बघून नाही.

५. रॅम वाढवली तर गेम पळेल का?

कमी पडत होती तर पळेल, नाहीतर नाही. गेम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये रॅम ९० टक्क्यांच्या पुढे असेल तर वाढवा. ८ जीबीवर आजचे मोठे गेम घुसमटतात, १६ वर बहुतेक चालतात.

किती आहे याइतकंच कशी लावली आहे हे बघा. १६ जीबीची एकच पट्टी लावण्यापेक्षा ८ च्या दोन लावल्या तर ड्युअल चॅनल मिळतं, म्हणजे प्रोसेसरला मेमरीकडे जायला दोन रस्ते. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर खेळत असाल, तर हा बदल सगळ्यांत जास्त जाणवतो, कारण ते ग्राफिक्स याच रॅमवर जगतं. शिवाय वेगवान रॅम घेऊनही बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्सपो ही रॅमला पूर्ण वेग देणारी सोय चालू केली नसेल तर ती मूळ मंद वेगानंच चालत राहते.

६. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली तर एफपीएस वाढेल?

एफपीएस नाही, लोडिंगचा वेळ कमी होईल. पण अलीकडचे मोठे खुल्या जगाचे गेम चालता चालता डेटा ओढत असतात. तिथे हार्ड डिस्क मागे पडते आणि इमारती उशिरा उगवतात किंवा गेम क्षणभर थिजतो. अशा गेमच्या यादीत 'एसएसडी आवश्यक' लिहिलं असेल तर ते गंभीरपणे घ्या. साटा एसएसडीवरून एनव्हीएमई या आणखी वेगवान प्रकारावर गेल्यानं मात्र बहुतेक गेममध्ये दोन-चार सेकंदांपलीकडे फारसं काही मिळत नाही.

७. लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे, तरी गेम रडत चालतो. का?

क्रमानं तपासा. चार्जर लावला आहे का? बॅटरीवर कार्डाला पुरेशी वीज मिळतच नाही. मग सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन त्या गेमसाठी 'हाय परफॉर्मन्स' निवडा; जुने गेम अनेकदा प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सला चिकटून बसतात. तिसरं कारण उष्णता. पहिली पाच-दहा मिनिटं गेम छान चालतो आणि मग एफपीएस उतरतो, हे तापल्याचं लक्षण. प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. जाळी साफ करा, मागची बाजू थोडी उचलून ठेवा. चार-पाच वर्षं जुन्या लॅपटॉपमध्ये थर्मल पेस्ट बदलल्यानं कधी कधी नवीन घेतल्यासारखा फरक पडतो.

डेस्कटॉपवाल्यांनी हसू नये. मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डला लावलेली असल्याच्या तक्रारी अजून येतात.

८. जुन्या मदरबोर्डवर नवं ग्राफिक्स कार्ड बसेल का?

बसेल. कार्ड ज्या खाचेत बसतं त्या पीसीआय एक्सप्रेसच्या पिढ्या एकमेकींशी जुळवून घेतात; ४.० चं कार्ड ३.० च्या खाचेत चालतं आणि पूर्ण १६ लेनचं (डेटा जायच्या रस्त्यांचं) असेल तर नुकसानही थोडंच होतं. अडचण स्वस्त कार्डांची. आरएक्स ६५०० एक्सटीला चारच लेन आहेत. ४.० वर त्या कशाबशा पुरतात, ३.० वर रस्ता निम्मा होतो आणि मेमरी भरली की कार्ड चांगलंच घसरतं. म्हणजे जुन्या संगणकासाठी म्हणून घेतलेलं साधं कार्ड जुन्या संगणकावरच जास्त मार खातं.

इंटेलची आर्क कार्डं 'रिसायझेबल बार' (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसलेल्या मदरबोर्डवर घेऊ नका, वेग बराच पडतो. पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे आणि त्याला लागणाऱ्या पिना आहेत का, हे आधी बघा. आणि यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) नसलेल्या, अगदी जुन्या बायोसच्या बोर्डवर नवं कार्ड लावल्यावर पडदा काळाच राहू शकतो. तिथे कार्ड खराब आहे असं गृहीत धरून परत पाठवण्याआधी ते दुसऱ्या संगणकात लावून पाहा.

९. डीएलएसएस, एफएसआर वगैरेंनी जुनं कार्ड तगेल का?

काही प्रमाणात नक्की. ही तंत्रं गेम कमी रिझोल्यूशनवर रंगवतात आणि चित्र मोठं करून दाखवतात. डीएलएसएसला एनव्हिडियाचं आरटीएक्स कार्डच लागतं. एएमडीचं एफएसआर २०२१ मध्ये आलं आणि त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्या जुन्या जीटीएक्स कार्डांवरही चालतात. इंटेलचं एक्सईएसएसही इतरांच्या बऱ्याच कार्डांवर चालतं. ४के पडद्यावर निकाल चांगला येतो. १०८०पी वर मुळात पिक्सेल कमी, त्यातून आणखी कमी केले की गवत, केस, जाळ्या लिबलिबीत दिसतात.

'फ्रेम जनरेशन' हे निराळं प्रकरण आहे. ते दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये बनवलेली फ्रेम घुसवतं. आकडा वाढतो, पण माऊस हलवल्यापासून चित्र हलेपर्यंतचा वेळ कमी होत नाही, थोडा वाढतोच. मुळात २५ एफपीएस मिळत असताना ते चालू करून ५० केलेत तर दिसायला ५० आणि हाताला २५ असं होतं. प्रोसेसर अडवत असेल तर चित्र मोठं करण्याच्या पहिल्या प्रकारानं काही मिळणार नाही (प्रश्न ३).

१०. माझं कार्ड अजून जोरात आहे, तरी नवा गेम उघडतच नाही. हे कसं?

हे वेगाचं नाही, क्षमतेचं प्रकरण. २०१७ चं जीटीएक्स १०८० टीआय, ११ जीबी मेमरीचं, आजही बरेच गेम ओढतं. पण 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' (२०२४) आणि 'डूम : द डार्क एजेस' (२०२५) यांना हार्डवेअरमध्ये रे ट्रेसिंग हवंच, ते बंद करायची सोय नाही. त्याच्या निम्म्यानंही न पळणारं एखादं नवं कार्ड जिथे गेम उघडून देतं, तिथे हे दारातच अडतं. संताप येणं साहजिक आहे. 'अ‍ॅलन वेक २' (२०२३) मध्ये मेश शेडर या नव्या कार्डांतल्या सोयीमुळे जुन्या कार्डांची अशीच दैना होती. नंतरच्या अपडेटनं ती बरीच सावरली.

प्रोसेसरच्या बाबतीत हेच एव्हीएक्स या सूचनांच्या संचामुळे घडतं. इंटेलच्या कोअर मालिकेत ते २०११ मध्ये आलं आणि एव्हीएक्स२ हे २०१३ मध्ये. पेंटियम आणि सेलेरॉन नावाच्या प्रोसेसरमध्ये मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं ते नव्हतं. लक्षण ठरलेलं: गेम सुरू होताच निमूट बंद. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) 'सी०००००१डी' असा कोड दिसला तर प्रोसेसरला न समजणारी सूचना मिळाली, असा त्याचा अर्थ. तिथे ड्रायव्हर बदलत बसू नका.

११. गेम 'सिक्युअर बूट चालू करा' म्हणतो. चालू केलं तर संगणकच सुरू होत नाही!

सिक्युअर बूट म्हणजे संगणक सुरू होताना फक्त खात्रीचेच प्रोग्रॅम चालू देणारी सोय. ती अडते कारण तुमची विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर आहे. सिक्युअर बूटला यूईएफआय लागतं आणि यूईएफआयला जीपीटी ही डिस्कची नवी मांडणी. बायोसमध्ये जे बदललं ते परत फिरवा, विंडोज सुरू होईल. मग महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप घेऊन विंडोजमध्येच असलेल्या 'एमबीआर२जीपीटी' या साधनानं डिस्क बदला. हा मजकूर न पुसता होणारा बदल आहे, तरी बॅकअपशिवाय करू नये. त्यानंतर बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीनं सुरू होण्याची सोय) बंद, सिक्युअर बूट चालू.

ही अट ऑनलाइन गेममधल्या चीट रोखणाऱ्या प्रणालींची असते. 'व्हॅलरंट'चं व्हॅनगार्ड विंडोज ११ वर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट दोन्ही मागतं. एकट्यानं खेळायच्या गेमसाठी याची गरज पडत नाही.

१२. अजून विंडोज ७ किंवा १० वर आहे. बदलावंच लागेल का?

७ वर असाल तर हो. स्टीमनं १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७, ८ आणि ८.१ सोडून दिल्या. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण गेम लगेच बंद पडलेले नाहीत. घाई करण्यापेक्षा ड्रायव्हरकडे लक्ष ठेवा: एनव्हिडियानं जीटीएक्स ९०० आणि १० मालिकांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर देणं २०२५ मध्ये थांबवलं, आता त्यांना फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतात.

१३. पंचवीस वर्षांपूर्वीचा गेम नव्या संगणकावर इन्स्टॉलच होत नाही.

गेम ३२ बिटचा आणि त्याचा इन्स्टॉलर १६ बिटचा, अशी जोडी नव्वदच्या दशकात सर्रास होती. ६४ बिट विंडोज १६ बिटचं काहीही चालवत नाही. इन्स्टॉलशील्डच्या काही जुन्या आवृत्त्या ओळखून विंडोज त्याजागी आपला ३२ बिटचा पर्याय वापरते, म्हणून काही सीडी चालतात आणि काही नाहीत. नाही चाललं तर १६ बिटचे प्रोग्रॅम चालवणारं 'ओटीव्हीडीएम' वापरून पाहा. गेमच १६ बिटचा असला तरीही ते कामाचं.

दुसरी गंमत जागेची. इन्स्टॉलर म्हणतो 'डिस्कवर जागा नाही' आणि तुमच्याकडे ८०० जीबी मोकळे असतात. त्याच्या ३२ बिटच्या रकान्यात २ किंवा ४ जीबीपुढचा आकडा मावत नाही. उलटून तो ऋण किंवा अगदी लहान होतो. कार्डाची मेमरी मोजतानाही हेच घडतं आणि ८ जीबीच्या कार्डाला गेम 'पुरेशी व्हिडिओ मेमरी नाही' असं तोंडावर सांगतो. छोटं पार्टिशन करून तिथे इन्स्टॉल केल्यानं पहिलं सुटतं. दुसऱ्यासाठी डीजीवूडू २ मध्ये (जुनं ग्राफिक्स आजच्या कार्डासाठी भाषांतरित करणारं साधन) मेमरी मुद्दाम कमी दाखवता येते.

अजून एक सवय लावून घ्या: जुने गेम 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये टाकू नका. ते आपल्याच फोल्डरमध्ये सेव्ह लिहितात, विंडोज ते लिहिणं गुपचूप 'व्हर्च्युअलस्टोअर'कडे वळवते, आणि मग सेव्ह गेल्या कुठे म्हणून शोधाशोध.

१४. माझ्याकडे अस्सल सीडी आहे. इन्स्टॉल होतो, पण सुरू केल्यावर काहीच घडत नाही.

सेफडिस्क. दोन हजारच्या दशकातल्या असंख्य सीडींवर ही कॉपी रोखणारी यंत्रणा होती आणि तिचा ड्रायव्हर थेट विंडोजच्या गाभ्यात बसायचा. त्यात सुरक्षेची भोकं निघाली. विंडोज १० मध्ये तो ठेवलाच नाही आणि सप्टेंबर २०१५ च्या अपडेटनं व्हिस्टा, ७ आणि ८ वरही तो बंद केला. कम्पॅटिबिलिटी मोडनं हे सुटणार नाही. निर्मात्यानं नंतर दिलेला, सीडी न मागणारा पॅच मिळाला तर उत्तम. नाहीतर जीओजीसारख्या दुकानावर तोच गेम कुलूप काढून, नव्या विंडोजसाठी जुळवून मिळतो का पाहा. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूसाठी पुन्हा पैसे मोजायचे हे कोणालाच आवडत नाही, पण एक अख्खी संध्याकाळ वाचते.

१५. 'अमुक डीएलएल सापडत नाही' असा संदेश येतो. ती फाईल कुठून उतरवू?

सुटी फाईल कुठूनच उतरवू नका. नावात 'डी३डीएक्स९' किंवा 'एक्सइनपुट१_३' असेल तर मायक्रोसॉफ्टचं जून २०१० चं डायरेक्टएक्स रनटाइम टाका. डायरेक्टएक्स १२ असताना हे जुनं कशाला, असं अनेक जण विचारतात. त्या जुन्या जोडफायली नव्यात आलेल्याच नाहीत, दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. नाव 'एमएसव्हीसीपी' किंवा 'व्हीसीरनटाइम'नं सुरू होत असेल तर व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल. विंडोज ६४ बिट असली तरी ३२ बिटच्या गेमला त्याची एक्स८६ आवृत्तीच लागते, म्हणून दोन्ही टाका. 'डायरेक्टप्ले' (नेटवर्कवर खेळायची जुनी सोय) मागितलं तर ते विंडोजमध्येच 'विंडोज फीचर्स'च्या यादीत, 'लेगसी कंपोनंट्स'खाली बंद करून ठेवलेलं आहे.

१६. कम्पॅटिबिलिटी मोड नेमका काय करतो?

जुनी विंडोज आणून देत नाही, जुनी असल्याचं सोंग करतो. गेमनं आवृत्ती विचारली तर 'एक्सपी' असं खोटं सांगतो आणि काही हाकांना जुन्या पद्धतीनं उत्तरं देतो. आवृत्ती तपासून अडणाऱ्या गेमला एवढं पुरतं. ग्राफिक्स, आवाज, कॉपी रोखणं या अडचणींवर त्याचा सहसा उपयोग नाही. त्याच खिडकीतली डीपीआयची (पडद्यावरचं सगळं मोठं करून दाखवण्याची) सेटिंग मात्र मोलाची: गेम पडद्याच्या कोपऱ्यात अर्धाच दिसत असेल तर 'ओव्हरराइड हाय डीपीआय'ला टिचकी मारा आणि 'अ‍ॅप्लिकेशन' निवडा.

१७. जुना गेम इतका पळतो की खेळताच येत नाही. वस्तू हवेत उडतात.

त्या गेमनं काळ मोजलेलाच नाही, फ्रेम मोजल्या आहेत. डॉसच्या जमान्यात प्रोसेसरचा ठराविक वेग धरूनच हिशेब असायचा. त्यासाठीच जुन्या संगणकांवर टर्बो बटण होतं आणि त्याचा खरा उपयोग वेग कमी करायचा. पास्कलमध्ये लिहिलेले काही प्रोग्रॅम तर सुरू होतानाच 'रनटाइम एरर २००' देऊन मरतात. सुरुवातीला ते एक वेटोळं फिरवून प्रोसेसरचा वेग मोजत. प्रोसेसर इतका वेगवान निघाला की भागाकाराचं उत्तर रकान्यात मावेना आणि प्रोग्रॅमला तो शून्यानं भागल्यासारखा वाटला. डॉसच्या गेमसाठी डॉसबॉक्स हा जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम वापरा. त्यात सायकल कमी-जास्त करून हवा तो वेग साधता येतो.

नंतरचे गेमही यातून सुटलेले नाहीत. 'स्कायरिम'च्या २०११ च्या मूळ आवृत्तीत ६० एफपीएसच्या वर गेलं की भांडी-ताटल्या आपोआप उसळू लागतात. 'नीड फॉर स्पीड : रायव्हल्स' (२०१३) ३० वर बांधलेला होता, ६० केला की अख्खा गेमच दुप्पट वेगानं धावतो. 'डार्क सोल्स २' मध्ये ६० ला शस्त्रं लवकर झिजायची. अशा गेमला ड्रायव्हरमधून किंवा रिवाट्यूनर या साधनानं मूळ वेगावर लगाम घाला. इथे जास्त एफपीएस हाच आजार आहे.

१८. मग उलट: इतका जुना गेम नव्या महागड्या संगणकावर रखडतो कसा?

एक कारण असं की तो एकाच थ्रेडवर बेतलेला आहे, बाकीचे कोअर त्याला माहीतच नाहीत. दुसरं, डायरेक्टड्रॉ या जुन्या पद्धतीवरचे टूडी गेम आणि १६ बिट रंगाचे पडदे विंडोज ८ पासून भाषांतर करून चालवावे लागतात आणि ते भाषांतर कधी कधी फारच सुस्त असतं. गेमच्या फोल्डरमध्ये सीएनसी-डीड्रॉ किंवा डीजीवूडू २ च्या फायली ठेवल्या की ते काम आजच्या कार्डाला समजेल अशा डायरेक्टएक्समध्ये होतं. डीजीवूडू ३डीएफएक्स कंपनीच्या ग्लाइड या पद्धतीचीही नक्कल करतं, म्हणजे तिच्या जुन्या वूडू कार्डाचे गेमही सुटतात. डायरेक्टएक्स ८ आणि ९ च्या गेमना डीएक्सव्हीके (डायरेक्टएक्सचं व्हल्कन या नव्या पद्धतीत भाषांतर करणारं साधन) कधी कधी जादूसारखं लागू पडतं.

बराच वेळ खेळल्यावर गेम कोसळत असेल, विशेषतः मॉड (चाहत्यांनी केलेले बदल) टाकलेले असतील, तर ३२ बिटची मर्यादा तपासा. तुमची रॅम ३२ जीबी असली तरी अशा गेमला २ जीबीच पत्ते मिळतात. 'लार्ज अ‍ॅड्रेस अवेअर'ची खूण लावणारा ४ जीबी पॅच ते दुप्पट करतो. आणि क्वेक ३ च्या इंजिनवरचे काही गेम सुरू होतानाच पडतात ते कार्ड 'फार शिकलेलं' असल्यामुळे: ओपनजीएल या ग्राफिक्स-पद्धतीत कार्ड सांगतं ती एक्स्टेंशनची (जादा क्षमतांची) यादी आज इतकी लांब झाली आहे की गेमनं तिच्यासाठी ठेवलेली जागा ओसंडून जाते.

१९. जुन्या गेमचा आवाज सपाट वाटतो. पूर्वी गुहेत घुमायचा.

तुमचे कान ठीक आहेत. विंडोज व्हिस्टापासून डायरेक्टसाउंड या आवाजाच्या पद्धतीचा हार्डवेअरशी थेट संबंध तुटला आणि ईएएक्सचे घुमण्यासारखे परिणाम गळून पडले. डीएसओएएल आणि ओपनएएल सॉफ्ट ही साधनं मिळून ते सॉफ्टवेअरमधून परत आणतात.

२०. आरटीएक्स ५० मालिकेचं कार्ड घेतलं आणि 'बॅटमॅन'चा जुना गेम आधीच्या कार्डापेक्षा मंद झाला. बिघाड आहे का?

नाही. २०२५ मध्ये आलेल्या या मालिकेत ३२ बिट क्युडा (कार्डाकडून इतर हिशेब करून घ्यायची एनव्हिडियाची सोय) काढून टाकलं होतं, त्यामुळे जुन्या गेममध्ये त्यावर चालणाऱ्या फिजएक्सचा धूर, कागद, काचांचे तुकडे हा सगळा भार प्रोसेसरवर पडला. बोंबाबोंब झाल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस ड्रायव्हरमधून काही निवडक गेमपुरती सोय परत आली. ड्रायव्हर अद्ययावत करा. यादीत तुमचा गेम नसेल तर फिजएक्स बंद करा.

२१. नवा इंटेल प्रोसेसर घेतल्यावर अस्सल गेम 'दुसऱ्या संगणकावर चालवताय' म्हणून अडवतो.

बाराव्या पिढीपासून, म्हणजे २०२१ च्या अखेरीपासून, इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये दोन जातींचे कोअर असतात. काही कुलूप-प्रणालींना ते दोन वेगळे संगणक वाटायचे. बहुतेक गेमना नंतर अपडेट मिळालं. ज्यांना नाही, त्यांच्यासाठी अनेक मदरबोर्डच्या बायोसमध्ये 'लेगसी गेम कम्पॅटिबिलिटी मोड' आहे. तो चालू करून स्क्रोल लॉक दाबलं की छोटे कोअर बाजूला बसतात. त्या बटणाला इतक्या वर्षांत प्रथमच काम मिळालं.

२२. जुन्या गेमसाठी जुना संगणकच जपून ठेवू की व्हर्च्युअल मशीन करू?

डॉसच्या गेमसाठी डॉसबॉक्स पुरे, पॉइंट अँड क्लिक साहसांसाठी स्कमव्हीएम. दोन्हींना जुनं यंत्र लागत नाही. विंडोज ९५-९८ च्या काळातल्या हट्टी गेमसाठी ८६बॉक्स अख्खा संगणक, चिपसेटसकट, नकलतो. त्याला प्रोसेसर मात्र ताकदीचा लागतो. नेहमीच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये एक्सपीचं थ्रीडी कच्चंच राहतं, त्यामुळे त्या वाटेला मी कोणाला पाठवत नाही.

खरा जुना संगणक ठेवायचा तर मदरबोर्डवरची बॅटरी गळण्याआधी काढा, पॉवर सप्लायचे कपॅसिटर फुगलेत का बघा, डिस्कच्या जागी अ‍ॅडॅप्टरनं कॉम्पॅक्ट फ्लॅश मेमरी कार्ड लावा. विंडोज ९८ ला ५१२ एमबीपेक्षा जास्त रॅम देऊ नका, ती गोंधळते. आणि हा संगणक इंटरनेटला जोडू नका.

२३. लिनक्सवर विंडोजचे गेम खरंच चालतात?

बहुतेक चालतात. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं वाइन १९९३ पासून आहे आणि २०१८ मध्ये स्टीमनं त्यावर प्रोटॉन उभारल्यापासून चित्र बदललं. काही जुने गेम तर विंडोज ११ पेक्षा इथे सरळ चालतात, कारण डीएक्सव्हीके आत आहेच (प्रश्न १८). आडकाठी ऑनलाइन गेमची. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या चीट रोखणाऱ्या प्रणालींनी २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी दार उघडलं, पण आत घ्यायचं की नाही हे गेमचा निर्माता ठरवतो. 'फोर्टनाइट' घेत नाही. 'एपेक्स लेजंड्स' आधी घ्यायचा, २०२४ मध्ये त्यानंही दार लावलं. विंडोज पुसून टाकण्याआधी प्रोटॉनडीबी या, कुठला गेम कसा चालतो ते सांगणाऱ्या संकेतस्थळावर आपले गेम शोधा.

२४. मॅक अपडेट केला आणि अर्धे गेम गेले. परत येतील?

त्या मॅकओएसवर नाही. २०१९ च्या कॅटलिनापासून मॅकओएसनं ३२ बिट प्रोग्रॅम चालवणं थांबवलं. मोजावे ही शेवटची चालवणारी आवृत्ती. जुना इंटेल मॅक असेल तर बूटकॅम्पनं विंडोज टाकून खेळा. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर बूटकॅम्प नाही, तिथे क्रॉसओव्हर (विंडोजचे गेम मॅकवर चालवणारा प्रोग्रॅम) हा त्यातल्या त्यात बिनकटकटीचा मार्ग. इंटेलसाठी लिहिलेले ६४ बिट मॅक गेम सध्या रोझेटा २ या मॅकमधल्या भाषांतराच्या सोयीतून चालतात.

२५. गेम अखेर सुरू झाला, पण मल्टिप्लेअरची यादी रिकामी दिसते.

सर्व्हरच उरलेला नाही. दोन हजारच्या दशकातले असंख्य गेम गेमस्पायवर अवलंबून होते आणि ती सेवा ३१ मे २०१४ ला बंद झाली. राउटरमधले पोर्ट उघडत बसून उपयोग नाही. गेममध्ये 'डायरेक्ट आयपी' किंवा 'लॅन'चा पर्याय आहे का बघा. असेल तर व्हीपीएन वापरून मित्रांचे संगणक एकाच जाळ्यात असल्यासारखे जोडता येतात. लॅनची यादी आयपीएक्स मागत असेल तर नव्या विंडोजमध्ये तो प्रोटोकॉल नाही, त्यासाठी आयपीएक्सरॅपर लागेल. काही गेमसाठी चाहत्यांनी पर्यायी सर्व्हर चालवले आहेत आणि तिथे जायला बहुधा होस्ट्स फाईलमध्ये एक ओळ घालावी लागते. तिथे संध्याकाळी उशिरा गेलात तर माणसं सापडतात, सकाळी नाही.